साउंडचं कोणाला सांगितलं?

संदीप, तुझ्या दशक्रियेला साउंड सांगायचं राहून गेलं.

बाकी सगळं झालं होतं. सायखेड्याच्या घाटावर मंडप उभा होता, ताडपत्र्या अंथरल्या होत्या, पाण्याचे जार आले होते, प्रवचनाचे महाराज गाडीतून उतरत होते. सकाळपासून मी एकेक गोष्ट तपासत फिरत होतो. कारखान्यात तपासणी खात्यात राहून राहून मी घरातल्या पोळ्यासुद्धा गेजने मोजतो, असं तू चारचौघांत सांगून हसायचास. तरी ही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. नानाकाका काठी टेकत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "अरं, महाराज आले. माईक कुठं हाय? साउंडचं कोणाला सांगितलं?"

कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्या घरात साउंड सांगावं लागतच नाही. बारसं असो, साखरपुडा असो, आबांचं वर्षश्राद्ध असो, स्पीकर भरलेला तुझा टेम्पो आधी येतो आणि माणसं मागून येतात. मंडपवाल्याला फोन करायचा, आचाऱ्याला करायचा, गुरुजींना करायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. साउंडला फोन करायचा हे आपल्या घरात कोणाला ठाऊकच नाही.

नानाकाकांनी थोडा विचार केला आणि अगदी सहज म्हणाले, "संदीपला लाव की फोन."

आणि मी फोन काढला. तुझं नाव शोधलं. अंगठा टेकवणार, तेवढ्यात समोर नजर गेली. मंडपाच्या टोकाला खुर्चीवर तुझा फोटो होता, हार घातलेला.

नानाकाका तिथेच पायरीवर बसले. मी फोन खिशात ठेवला. आम्ही दोघंही यावर एक अक्षर बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही. तुला सांगतोय, कारण असलं काही घडलं की आधी तुला सांगायची सवय आहे.

तू गेलास हे मी लोकांना सांगतो, सांगताना माझा आवाज नीट असतो. पण ते मला कळलेलं नाही. दिवाळीनंतर आपण दोघांनी बरोबर जाऊन तपासण्या करून घेतल्या होत्या. रिपोर्ट आले तेव्हा तू पाकीटसुद्धा उघडलं नाहीस, माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालास, "अण्णा, तुझं खातं. बघ आणि शिक्का मार." मी दोनदा वाचले. साखर, रक्तदाब, चरबी, सगळे आकडे मर्यादेत. माझ्यापेक्षा तुझे चांगले होते. ज्या वस्तूचे सगळे आकडे मर्यादेत असतात तिला आम्ही पास म्हणतो. तुला मी पास केलं होतं, संदीप. इतकी वर्षं मी आकड्यांवर विश्वास ठेवून जगलो, आणि आता रिकाम्या वेळी ते रिपोर्ट डोळ्यांसमोर आणून बघतो, की माझं वाचायचं काही राहिलं होतं का. काही राहिलं नव्हतं.

तू गेलास त्या दुपारी चांदवडला काय झालं ते ऋतुजाने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर माझी पोरगी बोललीच नव्हती. गॅलरीत बसली होती, मी काही विचारलं नव्हतं, तिने एकदम सुरुवात केली.

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. हॉल अजून रिकामा. तू स्टेजवर माईक घेऊन, ती दुसऱ्या टोकाला आवाजाच्या मिक्सरपाशी. तुझं नेहमीचं चाललं होतं, चेक, चेक, एक, दोन, आणि मधून मधून तिला चिडवणं, की ऋतूबाईंची आज झोप झालेली दिसत नाही, माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय. ती मान खाली घालून बटणं फिरवत होती. तुझा आवाज थांबला. तिने मिक्सरवर बघितलं, तुझ्या माईकचे हिरवे दिवे विझले होते. तिला वाटलं केबल गेली. तिने आवाज वाढवून बघितला. वायर काढून दुसरीकडे लावली. मग तिच्याजवळच्या माईकवरून म्हणाली, काका, तुमचा माईक गेला. आणि त्यानंतर वर बघितलं.

"आधी मी केबल बघितली, पप्पा," ती म्हणाली. "माणूस नंतर बघितला."

मध्ये किती वेळ गेला असेल, असं मी विचारलं. तोंडून निघून गेलं. कोणतीही गोष्ट समजून घ्यायची तर मला आधी तिचं माप लागतं, तुला माहीत आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. डॉक्टर मला म्हणाले होते की हृदयाचा झटका इतका मोठा होता, कोणी शेजारी उभं असतं तरी फरक पडला नसता. ते मी तिला दारातून सांगितलं. ती म्हणाली, हो का. एवढंच.

संध्याकाळी तिने हेडफोन, कानातले ते रबरी बूच आणि टेस्टरची पिशवी असं सगळं एका खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. खाली उतरून म्हणाली, मी वीज कंपनीची परीक्षा देते.

संदीप, आपण ज्यावर इतके दिवस भांडत होतो त्याचा निकाल असा लागला. माझ्या बाजूने. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सुरुवात किती साधी होती. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष संपून ती सुट्टीत घरी होती. तू आलास आणि म्हणालास, पोरगी दिवसभर फोन बघत बसते, त्यापेक्षा येऊ दे माझ्याबरोबर, चार वायरी ओळखेल. मला वाटलं इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय, उपयोगच होईल. मीच हो म्हणालो. पहिला सगळा हंगाम तू तिला मिक्सरला हात लावू दिला नाहीस. केबल गुंडाळायला लावल्यास. त्याचीही एक पद्धत असते हे मला तेव्हा कळलं. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही आणि टाकली की सरळ उलगडते. घरी येऊन ती इस्त्रीची वायर तशी गुंडाळायला लागली. मग कपडे वाळवायची दोरी. मग तिच्या आईची लोकर. वंदनाने तुला विचारलं, "भावजी, पोरीला इंजिनियर करताय का दोरखंडवाली?" तू गंभीर तोंड करून म्हणालास, "वहिनी, ज्याला वायर सांभाळता येत नाही त्याला मी माणसाचा आवाज सांभाळायला कसा देऊ?"

दुसऱ्या हंगामात तिला बसायला लावलंस. आधी मला ते चेष्टाच वाटलं. कार्यक्रम सुरू झाला की ती हॉलभर फिरायची. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे, बाल्कनीखाली, जिथे पत्रिका मिळालेली पण मान नसलेली माणसं बसतात तिथे. बसायचं, ऐकायचं, आणि येऊन तुला सांगायचं की इथे शब्द कळतात, तिथे नुसता गोंगाट आहे. घरी येऊन तिने मला समजावलं होतं की रिकामा हॉल खोटं बोलतो, काका म्हणतात. माणसं येऊन बसली की त्यांच्या कपड्यांत, अंगात आवाज मुरतो, दुपारी लावलेलं सगळं संध्याकाळी बदलावं लागतं. मी विचारलं, किती मुरतो, शेकडा किती? ती म्हणाली, ते काकांना विचारा. तुला विचारलं तर तू म्हणालास, "अण्णा, थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. शालींचा हिशेब धरायचा." मला वाटलं टिंगल करतोयस. नंतर कळलं की तू खरं सांगत होतास, आणि तरी टिंगलही करत होतास.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही, ती म्हणजे ते रिकामं बटण. लग्नात नवऱ्या मुलाचा कोणीतरी काका मिक्सरपाशी यायचा, म्हणायचा, आवाज वाढवा, दम नाही. तू अदबीने हो म्हणायचास आणि ज्याला काहीच जोडलेलं नाही असं एक बटण त्याच्यादेखत वर सरकवायचास. तो कान देऊन ऐकायचा आणि खूश व्हायचा, "आता कसं!" असं म्हणून जायचा. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि तुला म्हणालो की ही फसवणूक आहे. तू म्हणालास, त्याला आवाज नको असतो रे, त्याला कोणीतरी ऐकलेलं हवं असतं. मी म्हटलं, तरी फसवणूकच. यावर आपण किती वेळा बोललो असू. मजा म्हणजे ऋतुजा या बाबतीत माझ्यावर गेली. ती त्या काकांना सरळ सांगायची की याच्यापेक्षा वाढवला तर समोरच्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल, नाही वाढवणार. एकदा तू येऊन तक्रार केलीस, "तुझी पोरगी गिऱ्हाईक पळवून लावते, अण्णा." पण तक्रार करताना तुझा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

मग तिचा डिप्लोमा झाला आणि ती म्हणाली, मी हेच करणार. तिथून आपलं खरं सुरू झालं.

रविवारी सकाळी तू मिसळ घेऊन यायचास आणि आपण खायच्या आधी भांडायचो. माझं म्हणणं तेव्हाही साधं होतं, आजही आहे. कामाला ठरलेली वेळ हवी, ठरलेली जागा हवी, आणि पन्नाशीत माणसाला नीट ऐकू यायला हवं. तुझ्या डाव्या कानात कायम बारीक शिट्टी वाजते हे तूच सांगायचास, कधी लपवलं नाहीस. माझ्या उजव्या बाजूला बस म्हणायचास. गणपतीत एका ऑर्केस्ट्राला मी ऋतुजा उभी असते त्या जागी जाऊन फोनवर आवाजाचं माप घेतलं आणि तो आकडा तुला पाठवला. तुझं उत्तर आलं, कान झाकलेल्या माकडाचं चित्र. मला राग आला होता. पण त्याच्या आधीच तू तिला घेऊन जाऊन तिच्या कानांचे साचे काढून ते बूच करून घेतले होतेस, आणि बूच घातल्याशिवाय स्पीकरजवळ जायचं नाही अशी तिला तंबी होती. "मला कोणी सांगणारं नव्हतं," तू म्हणालास, "तिला मी आहे." मी म्हटलं, मग सांग ना तिला, की सोड. यावर तू तुझं ते ठरलेलं वाक्य म्हणालास, होईल सगळं, अण्णा.

या वाक्याने मला जितका त्रास दिला तितका कशानेच दिला नाही. होईल म्हणजे काय? कशाने होईल? कोण करणार? लग्न झाल्यावर रात्रीअपरात्री बाहेरगावी कशी जाईल? होईल सगळं. पावसाळ्यात चार महिने काम नसतं तेव्हा काय? होईल सगळं. तुझ्याशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं होतं.

शेवटच्या रविवारी वीज कंपनीच्या परीक्षेवरून झालं. मी तिचा अर्ज भरला होता, तू नेहमीसारखा हसत नव्हतास. चप्पल घालताना दारात थांबलास आणि म्हणालास, "अण्णा, या वेळी नीट बोलू. मला तुला एक सांगायचंय ऋतूबद्दल. चांदवड उरकून येतो."

काय सांगायचं होतं? मी तुझ्या बायकोला, मनीषाला विचारलं, तिला माहीत नाही. रऊफभाईला विचारलं, तुझ्याबरोबर इतकी वर्षं टेम्पो चालवला, स्पीकरच्या पेट्या उचलल्या, त्यालाही माहीत नाही. ऋतुजाला विचारायची हिंमत झाली नाही. कदाचित काही विशेष नसेलही. तू दारात उभा राहून असली वाक्यं बरीच बोलायचास. पण तू ते एकदाच असा न हसता बोललास, आणि नेमकं तेच राहिलं.

म्हणून घाटावर कावळा लगेच शिवला तेव्हा सगळे सुटकेचा श्वास टाकत होते आणि मला मात्र तुझा राग आला. पिंड ठेवून माणसं मागे सरली नाहीत तोवर तो आला. बायका म्हणाल्या, काही मागे राहिलं नव्हतं हो त्यांचं, सगळं समाधानाचं. मी तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, राहिलं नव्हतं? माझ्याशी बोलायचं राहिलं होतं ना? चांदवड उरकून येतो म्हणाला होतास ना? इतक्या घाईने कसला शिवतोस? हे सगळं एका पक्ष्यावर चिडून. माझं वय, माझं डोकं, आणि हे.

त्यानंतर नानाकाकांचा तो प्रश्न आला.

तुझं सामान पंचवटीतल्या गोदामात, किल्ली मनीषाच्या घरी, रऊफभाई मोटरसायकलवर आलेला. नाशिकला जाऊन आणायचं तर महाराज आणि एवढी माणसं उन्हात बसवून ठेवावी लागली असती. शेवटी कोणीतरी गावातल्याच डीजेवाल्याला बोलावलं. तो बिचारा धावत आला, पण त्याचं सगळं सामान वरातीचं. माणसाएवढ्या पेट्या त्याने महाराजांच्या पाठीमागे उभ्या केल्या, तोंड त्यांच्याच पाठीकडे. महाराजांनी "रामकृष्ण हरी" म्हणायला तोंड उघडलं आणि अशी शिट्टी वाजली की पोरं रडायला लागली. त्याने आवाज कमी केला तर मागच्यांना काही ऐकू येईना, वाढवला की परत शिट्टी. श्रद्धांजली वाहायला आलेले एक पुढारी पुढे झाले आणि माईकवर बोटाने टकटक करून, "येतोय का आवाज?" असं विचारून बघितलं. माईकवर टकटक करणाऱ्या माणसांबद्दल तू काय बोलायचास ते मला आठवलं, आणि त्या परिस्थितीत मला हसू आलं. ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल तर बरं.

मी बायकांच्या बाजूला बघितलं. ऋतुजा आईच्या शेजारी, गुडघ्यांत मान घालून. प्रत्येक शिट्टीला तिचे खांदे वर जात होते. बाकीच्यांचे कान दुखत होते, तिचं दुसरंच काही होत होतं. तिसऱ्या का चौथ्या शिट्टीला ती उठली.

कोणीतरी म्हातारी म्हणाली, अगं, तू कशाला, तुझ्या काकाचं कार्य आहे. नानाकाकांनी काठी वर केली. मला वाटलं तेही अडवणार. ते म्हणाले, "जाऊ द्या तिला. त्याचीच पोरगी हाय ती."

माझी आहे, हे म्हणायचं माझ्या मनात आलं.

ती डीजेवाल्याशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तो भांडला नाही, लगेच बाजूला झाला. रऊफभाई आणि आणखी दोघं धावले. पेट्या महाराजांच्या मागून उचलून पुढे आणल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, तोंडं माणसांकडे. महाराजांनी स्वतः बाजूला होऊन जागा करून दिली आणि म्हणाले, होऊ द्या बाई निवांत. मग ती त्या छोट्याशा मिक्सरपाशी बसली आणि तिने इकडे तिकडे बघितलं. मला कळलं ती काय शोधतेय. माईकवर बोलायला कोणीतरी हवं होतं. ते काम तुझं असायचं.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बोला."

मी माईकपुढे जाऊन उभा राहिलो. काय बोलू, असं विचारलं.

"काहीही. मोजत राहा. आणि पप्पा, मी सांगेपर्यंत थांबू नका."

मी मोजायला लागलो. सगळं गाव, सगळे पाहुणे, मनीषा, तुझा फोटो, सगळ्यांसमोर उभं राहून आकडे म्हणत होतो. ती बटणं फिरवत होती, डोळे माझ्या तोंडावर. मिक्सरकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत, हाताने चाचपत फिरवत होती. मग उठून चालायला लागली, माणसांच्या कडेकडेने, पार शेवटच्या पायरीपर्यंत, नदीच्या पाण्यापर्यंत, आणि चालतानाही दर थोड्या पावलांनी मागे वळून मला बघत होती. मी थांबलो नाही. घसा सुकला, तरी थांबलो नाही. मी आकड्यांचा माणूस, पण मी कुठवर मोजलं ते मला सांगता येणार नाही. तिने लांबून हात वर केला तेव्हा मी थांबलो, आणि तरी ती तिथेच उभी राहून बघत होती, मी माझ्या पायांनी चालत जागेवर जाऊन बसेपर्यंत.

प्रवचन सगळ्यांना ऐकू आलं. भाषणं झाली. तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले, काही खोटंही बोलले, तू समाजकार्यात अग्रेसर होतास असं एकाने सांगितलं. शेवटी निघताना एक पाहुणा मला म्हणाला, आवाज छान लागला होता हो. ज्या कार्यक्रमात साउंडचा विषयही निघत नाही तो कार्यक्रम चांगला झाला, असं तू म्हणायचास. त्यामुळे याला किती गुण द्यायचे ते मला कळलं नाही. त्या माणसाला मी धन्यवाद म्हणालो.

त्यानंतर मला वाटलं होतं खोकं माळ्यावरून खाली येईल. आलं नाही. ती परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायची आणि पान उलटायची नाही. मी ते बघत होतो. माझी बाजू आपोआप जिंकत चालली होती. तू समोर असतास तर मी एव्हाना दोन मुद्दे वाढवून मांडले असते. तू नसताना मला माझा एकही मुद्दा नीट आठवेना.

चांदवडच्या शाळेने संमेलन पुढे ढकललं होतं. त्यांनी रऊफभाईला विचारलं की तुम्हीच करणार का, नसेल तर दुसरं बघतो. मनीषाने सांगितलं, ऋतू म्हणेल तसं. सकाळी ऋतुजा चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, मी जाते. त्याच हॉलला. आणि परीक्षा देणार नाही.

तेव्हा माझे सगळे मुद्दे मला आठवले. एकेक मांडला. कामाच्या वेळा काढल्या, तर ती म्हणाली, बाहेरगावी रऊफकाका आणि मी, दोघं असल्याशिवाय जाणार नाही. पावसाळा काढला, तर ती म्हणाली, तेव्हा हॉलमधली कामं घेईन आणि सामानाची दुरुस्ती करेन, ती मला येते. तो हॉल, ते स्टेज. यावर ती म्हणाली, आता नाही गेले तर कधीच जाणार नाही. मी शेवटचा मुद्दा काढला. सगळं केलंस, आणि तरी कान गेले, किंवा हे चाललंच नाही, तर पुढे काय?

तिने कप खाली ठेवला. स्वयंपाकघरात वंदनाचा हात थांबलेला मला ऐकू आला. आणि संदीप, मला कळलं की आम्ही सगळेच थांबलोय. ही तुझी पाळी होती. या प्रश्नावर दरवेळी तूच बोलायचास. मी त्या वाक्याला इतका वैतागलेलो, आणि आता ते ऐकायला कान लावून बसलो होतो. कोणी बोललं नाही.

"मला माहीत नाही, पप्पा," ऋतुजा म्हणाली.

कारखान्यात नवीन माणूस आला की मी त्याला एकच गोष्ट शिकवतो. जे माप घेतलेलं नाही तिथे अंदाजाने आकडा घालायचा नाही, जागा कोरी सोडायची. कोरी जागा मला चालते. तुझ्या 'होईल सगळं'वर मी कधी सही केली नाही, करणारही नव्हतो. पण तिने जागा कोरी सोडली.

जा म्हणालो. बूच घालून जा म्हणालो. खोकं मीच माळ्यावरून काढून दिलं.

तू इथे असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. मला मिठी मारली असतीस, मी ढकललं असतं, आणि तू बाहेर जाऊन दहा जणांना सांगितलं असतंस की अण्णाला मी पटवलं. नाही पटवलंस. हे नीट ऐक. तुझ्यामुळे मी हो म्हणालेलो नाही, तिच्यामुळे म्हणालो. आता या गोष्टीवर तू माझ्याशी भांडावंस असं मला फार वाटतंय.

आज ती गेली. रऊफभाईने तुझा टेम्पो दारात आणला, ती पुढे बसली. येता का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. माईकवर बोलायला आज रऊफभाई आहे, आणि कामाच्या ठिकाणी बापाने मागे उभं राहणं बरं नाही. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात होतो. आता त्या हॉलमध्ये ती पोचली असेल. मान वर करून काम करते आहे की खाली घालून, हे मला इथून कळणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत फोन करायचा नाही असं मी स्वतःला बजावलं आहे.

तिला मी हो म्हणालोय, संदीप. तू गेलास, याला अजून हो म्हणता आलेलं नाही.